'खाजेची ट्यूब' मागण्यापूर्वी: शिश्नाच्या पुढच्या त्वचेविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

पंचवटीतील आमच्या औषधांच्या दुकानात एक प्रसंग वारंवार घडतो. ग्राहक बाजूला उभे राहून गर्दी ओसरण्याची वाट पाहतात आणि हलक्या आवाजात 'खाजेची ट्यूब द्या' एवढेच सांगतात. खाज कोठे आहे असे विचारल्यावर 'जांघेत' असे उत्तर मिळते. पुष्कळदा खरी जागा शिश्नाची पुढची त्वचा असते, आणि हे आम्हाला कळते ते तीन आठवड्यांनी, जेव्हा तेच ग्राहक दुसरीकडून घेतलेली, शेपटाकडून घट्ट गुंडाळत आणलेली रिकामी ट्यूब घेऊन येतात आणि त्रास वाढल्याचे सांगतात. हे तीन आठवडे वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे माहितीपत्रक काढले आहे.

अशी ट्यूब बहुधा मिश्र मलमाची असते. तिच्यात बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड एकत्र असते. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवसांत दबते, त्यामुळे औषध लागू पडल्यासारखे वाटते. परंतु बुरशी आत तशीच राहते आणि मलम थांबवताच पुन्हा उसळते. या जागेची त्वचा मुळात पातळ आणि दुमडलेली असल्याने तेथे स्टेरॉइड अधिक शोषले जाते, त्वचा आणखी पातळ होते आणि तिला चिरा पडू लागतात. शिवाय मलमाने मूळ खुणा पुसट झाल्यामुळे पुढे डॉक्टरांनाही निदान करणे अवघड जाते. केंद्र सरकारने २०१८ साली त्वचेवर लावण्याच्या अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती केली, ती याच प्रकारच्या गैरवापरामुळे. 'बाकीचे देतात, तुम्हीच का अडवता' असे आम्हाला ऐकून घ्यावे लागते. तरीही चिठ्ठीशिवाय ही ट्यूब आम्ही देत नाही आणि देणार नाही.

आपण खरी जागा सांगितलीत, तर आमचा दुसरा प्रश्न मधुमेहाविषयी असतो. पुढच्या त्वचेखाली लाली, खाज, पांढरट थर आणि बारीक चिरा हा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर त्यामागे वाढलेली साखर असण्याची शक्यता बरीच असते; काही जणांना मधुमेह असल्याचे प्रथम कळते तेच या तक्रारीमुळे. आमच्याकडे बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहण्याची सोय आहे. ती प्राथमिक पाहणी असते, निदान नव्हे. आकडा जास्त आल्यास प्रयोगशाळेतून तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून डॉक्टरांना भेटावे.

मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी आपल्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या रक्तातील साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपल्यावर अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या आणि आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर हे नाव फार वेळा दिसू लागले. औषध गुणकारी आहे, हृदय आणि मूत्रपिंडांसाठीही उपयोगी आहे. परंतु लघवीतील साखर पुढच्या त्वचेखाली राहिली की बुरशीला खाद्य मिळते. तरीही गोळी परस्पर बंद करू नये. लघवीनंतर ती जागा पाण्याने धुऊन कोरडी करावी आणि त्रास झाल्यास गोळी देणाऱ्या डॉक्टरांना तो स्पष्ट शब्दांत सांगावा.

रोजची निगा अगदी साधी आहे. आंघोळीच्या वेळी त्वचा सहज जाईल तेवढी मागे घ्यावी, कोमट पाण्याने धुवावे, हलक्या हाताने टिपून कोरडे करावे आणि त्वचा न विसरता पुढे आणावी. साबण, जंतुनाशक द्रव किंवा सुगंधी पावडर तेथे वापरू नये. 'स्वच्छतेसाठी' रोज जंतुनाशक लावून त्वचा सोलवटून घेतलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत. दिंडोरी आणि निफाडहून येणाऱ्या द्राक्ष बागायतदारांना एक विशेष विनंती आहे: फवारणीच्या दिवसांत लघवीनंतर हात धुण्याइतकेच लघवीपूर्वी हात धुणेही महत्त्वाचे आहे, कारण बोटांवरचे औषध या नाजूक त्वचेला भाजल्यासारखे लागते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तेल आणि ग्रीस हाताळणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

लहान मुलांच्या बाबतीत आमचे सांगणे उलटे आहे. जन्मतः ही त्वचा आतून चिकटलेली असते आणि वाढत्या वयात, काही मुलांमध्ये थेट पौगंडावस्थेत, आपोआप सुटते. तेल लावून ती रोज ओढण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत आहे. त्यामुळे बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण राहतो आणि नसलेला आजार तयार होतो. लघवी करताना त्वचा थोडी फुगते, पण धार नीट आहे आणि मूल रडत नाही, तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. मात्र ताप, सूज, पू किंवा लघवीला जोर करावा लागणे ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे.

मोठ्यांनी युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे, केव्हा जावे, हेही स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. पूर्वी सहज मागे जाणारी त्वचा आता जात नसेल, तिच्या तोंडाशी पांढरट, कडक कडे तयार झाले असेल, लघवीची धार बारीक झाली असेल किंवा संबंधाच्या वेळी त्वचा चिरत असेल, तर मलमाचे प्रयोग थांबवावेत. पांढऱ्या कड्याच्या एका आजारात तीव्र स्टेरॉइडच उपयोगी पडते, पण ते तपासून, ठरावीक दिवसांसाठी आणि देखरेखीखाली. सुंता करावी लागेल या भीतीने अनेक जण वर्षानुवर्षे जात नाहीत. वास्तविक काहींचे काम काही आठवड्यांच्या मलमाने भागते. गाठ, न भरणारी जखम, घट्ट त्वचेखालून रक्त किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसल्यास एक दिवसही थांबू नये, आणि तंबाखू सेवन करणाऱ्यांनी तर मुळीच नाही, कारण शिश्नाच्या कर्करोगाच्या कारणांमध्ये तंबाखू आणि न उघडणारी त्वचा ही दोन्ही येतात.

काउंटरवर बोलणे अवघड वाटत असल्यास 'फार्मासिस्टशी बोलायचे आहे' एवढेच म्हणावे. आत बसण्याची जागा आहे आणि विचारण्याचे पैसे नाहीत. मात्र मागे घेतलेली त्वचा अडकून पुढे येत नसेल आणि शिश्नाचे टोक सुजू लागले असेल, तर आमच्याकडेही येऊ नये. घरी लघवीची नळी बदलल्यानंतर त्वचा मागेच राहिली, तर वृद्धांमध्ये हे हमखास नजरेआड होते. अशा वेळी रक्तपुरवठा थांबण्याचा धोका असतो. रात्र असली तरी थेट जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.