फीबी: शनीने पकडलेला, पण लघुग्रह नव्हे

‘फीबी म्हणजे शनीने पकडलेला लघुग्रह’ हे वाक्य अजूनही सर्रास वाचायला मिळतं. त्यातलं ‘पकडलेला’ बहुधा बरोबर आहे. शनीपासून सुमारे १.३ कोटी किमीवरून हा उपग्रह उलट्या दिशेने फिरतो, एका फेरीला जवळपास ५५० दिवस घेतो. घोळ आहे तो ‘लघुग्रह’ या शब्दात.

तो झाला रंगामुळे. फीबी कोळशासारखा काळा, आणि १९८१ मध्ये व्हॉयेजर-२ ने दुरून टिपलेली छायाचित्रं इतकी पुसट, की काळपट लघुग्रहांशी त्याची सोयरीक जुळवणं सोपं गेलं. मग ११ जून २००४ रोजी कॅसिनी यान जेमतेम २,०६८ किमीवरून गेलं. विवरांच्या उतारांवर काळ्या थराखालून लख्ख बर्फ डोकावत होता! पाण्याच्या बर्फाबरोबर गोठलेला कार्बन डायऑक्साइडही सापडला. मंगळ-गुरूमधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या उबेत (उब म्हणायची ती शनीच्या मानाने) हा गोठलेला वायू पृष्ठभागावर टिकणं अवघड. घनता पाण्याच्या सुमारे १.६ पट, म्हणजे बर्फ आणि खडकाची मिसळ. त्यामुळे बहुतेक शास्त्रज्ञ आता फीबीचं माहेर नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ पिंडांच्या कायपर पट्ट्याकडे शोधतात.