हळदीची दोन तेलं आणि एकच ऊन

सांगलीत ‘हळदीचं तेल’ मागितलं, तर दोन अगदी वेगळ्या वस्तू हातात पडू शकतात. एक वाफेवर काढलेलं, म्हणजे हळदीचं स्वतःचं उडून जाणारं तेल. दुसरं तिळाच्या किंवा खोबरेल तेलात हळद शिजवून केलेलं. दोन्ही पिवळी, दोन्हींना हळदीचा वास. उजेड दोन्हींना बाधतो, पण वेगवेगळ्या वाटेनं. म्हणून जपायची रीतही वेगळी.

आधी ओळख. वासावर जाऊ नका, चुन्याची निवळी घ्या. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तीच गंमत इथे. चमचाभर निवळीत चार थेंब तेल टाकून हलवा. लालसर झालं तर ते शिजवलेलं तेल, कारण त्यात कुरकुमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य आहे. वाफेवरचं तेल लाल होत नाही. कुरकुमिन वाफेबरोबर वर येतच नाही. त्या तेलाचा पिवळेपणा बघून ‘कुरकुमिनयुक्त’ म्हणून विकणाऱ्याला हळद कळत नाही किंवा गिऱ्हाईक कळतं.

शिजवलेल्या तेलात उजेड थेट कुरकुमिनवर घाव घालतो. कपड्यावरचा हळदीचा डाग धुऊन जात नाही, पण उन्हात वाळत घातला की फिका पडतो; बाटलीत हेच घडतं. कुरकुमिन 425 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं आणि त्यानं तुटून व्हॅनिलिन, फेरुलिक आम्ल असे छोटे तुकडे होतात. त्यामुळे दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखालचं काचेचं कपाटसुद्धा निर्धोक नाही. आणि निळी बाटली? दिसायला देखणी, पण नेमका निळा प्रकाश आत सोडणारी. तपकिरी घ्या, नाहीतर सरळ स्टीलचा डबा. बरणी महिनाभर उन्हात ठेवून तेल मुरवायची टूम हळदीला तर मुळीच चालत नाही. लागते ती ऊब, ऊन नव्हे. आयुर्वेदातलं नेहमीचं प्रमाण घ्यावं: कल्क (हळदीचा ओला गोळा) 1 भाग, तेल 4 भाग, पाणी 16 भाग, मंद आचेवर. कल्काची बोटांत वात वळली आणि ती विस्तवावर तडतडली नाही, की पाणी गेलं. पाणी राहिलं तर बुरशी धरते. तिचा दोष उजेडाला देऊ नये.

वाफेवरच्या तेलाची गोष्ट निराळी. 100 किलो सुक्या हळदीतून साधारण 3 ते 5 किलो निघतं, म्हणून ते महाग. त्यातला मुख्य भाग टर्मेरोन नावाच्या सुगंधी घटकांचा. इथे खरा शत्रू हवा. उजेड आणि उष्णता तिला हात देतात. अल्फा-टर्मेरोनचं हळूहळू आर-टर्मेरोन होतं, तेल दाट होतं, झाकणाच्या आट्यांत चिकट राळ धरते. रंगावरून काही कळत नाही. वासातला ताजेपणा गेला आणि तेल चिकट झालं, की जुनं समजावं. असं तेल अंगाला लावू नये, खाज-पुरळ येऊ शकते. अर्धी रिकामी तपकिरी बाटली अंधारात ठेवली तरी आतली हवा काम करतच राहते. म्हणून 10 किंवा 30 मिलीच्या बाटल्या गळ्यापर्यंत भराव्यात आणि तेल निम्म्यावर आलं की लहान बाटलीत ओतावं. रबरी फुग्याचा ड्रॉपर कायम लावून ठेवू नये, रबर फुगतं.

‘हळद तर उन्हातच वाळवतात की!’ हा हमखास येणारा प्रश्न. खरंय, पण वाळतं ते शिजवलेलं अख्खं हळकुंड. ऊन सालीपाशी अडतं. तरीही थर 5 ते 7 सेंटिमीटर ठेवतात, फार पातळ पसरला तर रंग उतरतो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे साठवणीच्या खोल खड्ड्यांत, हळद जमिनीखाली, अंधारात आणि कोंडलेल्या हवेत राहायची. म्हणजे वर सांगितलेले दोन्ही वैरी एकदमच बाहेर.

दोन्ही तेलं एकत्र करायची असतील, तर 100 मिली शिजवलेल्या तेलात 1 मिली वाफेवरचं पुरे. या मिश्रणाला दोन्ही पथ्यं लागू होतात, शिवाय तिळाचं तेल खवट होण्याची धास्ती वेगळीच. महिन्याभरात संपेल एवढंच करावं आणि बाटलीवर तारीख घालावी.