ग्रहणावर कविता करणारा राजा

७ सप्टेंबर २०२५च्या रात्री चंद्र ८२ मिनिटं पूर्ण झाकलेला होता. इकडे चर्चा कसली, तर गर्भवतीने विळी हातात घ्यावी की नाही याची. स्पेनमधल्या टोलेडोच्या गादीवर बसलेल्या एका व्हिसिगॉथ (तेव्हा स्पेनवर राज्य करणारे जर्मानिक लोक) राजाने असल्या समजुती १४०० वर्षांपूर्वीच लॅटिन पद्यात धुडकावल्या होत्या.

सिसेबुट त्याचं नाव, कारकीर्द इ.स. ६१२ ते ६२१. सेव्हिलचा बिशप इसिदोर याने सृष्टिविज्ञानावरचा आपला ग्रंथ त्याला अर्पण केला. राजाने उलट ६१ ओळींची चंद्रग्रहणावरची कविता धाडली, आणि उत्तर स्पेनमधल्या बास्क व कांताब्रियन लोकांवरच्या मोहिमांचा वैतागही तीतच ओतला. लोक मानतात तशी कोणी किंचाळणारी बाई चंद्राला पाताळात ओढत नाही, असं तो बजावतो. सूर्य पृथ्वीहून मोठा, म्हणून पृथ्वीची सावली निमुळती होत जाते. चंद्र तीत शिरला की ग्रहण. (आपल्याकडे आर्यभटाने सावलीचं हे कारण ४९९ सालीच सांगितलं. राहू तरीही हटलेला नाही.)

निमुळती म्हणजे किती? सूर्याचा व्यास सुमारे १३,९२,००० किमी, पृथ्वीचा १२,७४२. समरूप त्रिकोण मांडा: सावलीच्या शंकूची लांबी जवळपास १३.८ लाख किमी येते. चंद्र सरासरी ३.८४ लाखांवर, म्हणजे शंकूच्या २८ टक्के वाटेवर. तिथे सावलीची रुंदी पृथ्वीच्या व्यासाच्या ७२ टक्के उरते, सुमारे ९,२०० किमी. चंद्राचा व्यास ३,४७४. अडीच चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढी ही जागा, म्हणून खग्रास अवस्था तासाहून जास्त टिकू शकते. सूर्यग्रहणात चंद्राच्या सावलीचं टोक पृथ्वीला जेमतेम टेकतं; तिथे साडेसात मिनिटं म्हणजे डोक्यावरून पाणी.

मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. त्या अंतरावर ५ अंश म्हणजे वर किंवा खाली ३४,००० किमीपर्यंत. सावलीला नुसतं शिवायचं तरी चंद्राचा मध्य तिच्या अक्षापासून साधारण ६,३०० किमीच्या आत हवा. बहुतेक पौर्णिमांना तो वरून नाहीतर खालून निसटतो. पौर्णिमा कक्षेच्या दोन छेदबिंदूंपैकी एकाजवळ पडली तरच गाठ पडते. पंचांगातले राहू-केतू म्हणजे हेच बिंदू; त्यांना ना तोंड, ना पोट.

सिसेबुट एका ठिकाणी घसरला. बाकीच्या ताऱ्यांना ग्रहण लागत नाही कारण त्यांना स्वतःचं तेज आहे, असं तो लिहितो. ग्रहही तेव्हा ताऱ्यांतच धरले जात, आणि मंगळ तर उसन्या उजेडावर चमकतो. तो सुटतो अंतरामुळे: आपली सावली १३.८ लाख किमीवर संपते, मंगळ ५ कोटींच्या आत येत नाही.

ग्रहणाबाबत इतका सरळ विचार करणाऱ्या याच राजाने ज्यूंवर बाप्तिस्म्याची सक्ती केली. ती सक्ती इसिदोरलाही पटली नव्हती. ६२१ साली सिसेबुट वारला. आजाराने, असं काही म्हणत. औषधाची मात्रा जास्त झाल्याने, असं काही. इसिदोरने दोन्ही नोंदवून ठेवलं.