येव्याचा अंदाज आणि वळवलेले नाले : पूर्व विदर्भातील तलावांची पार्श्वभूमी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यात तलाव बांधण्यापूर्वी येव्याचा, म्हणजे पाणलोटातून तलावात येणाऱ्या पाण्याचा, अदमास घेण्याची रीत गोंडकाळापासूनची आहे. कोहळी समाजाच्या जाणकारांनी टेकड्यांचा उतार आणि नाल्याची पूररेषा पाहून पाळीची (तलावाच्या बांधाची) जागा ठरवली आणि वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत (लहान तळ्यात) उतरेल अशा साखळ्या उभ्या केल्या. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची जमीनदारी, १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली आणि त्यांच्याकडचे हे तलाव सरकारकडे गेले.

आकडेमोडीची सुरुवात मात्र नागपुरात झाली. अंबाझरी तलावावरील पाणीपुरवठा योजनेचे अभियंता अलेक्झांडर बिनी यांनी पाऊस आणि वाहून येणारे पाणी यांची सांगड घातली. त्यांच्या नावाने पुढे रूढ झालेल्या तक्त्यानुसार वर्षाला १००० मिमी पाऊस झाल्यास ३८ टक्के पाणी वाहून येते, तर ६०० मिमी झाल्यास केवळ २१ टक्के. म्हणजे १० चौरस किलोमीटर पाणलोटातून पहिल्या वर्षी ३.८ दशलक्ष घनमीटर येवा मिळेल, दुसऱ्या वर्षी जेमतेम १.२६. पाऊस चाळीस टक्क्यांनी घटला की येवा एक तृतीयांशावर येतो, आणि म्हणूनच सरासरी पावसावर आखलेला तलाव रोवणीच्या ऐन वेळी दगा देतो. पुढे सिंचन प्रकल्पांसाठी ७५ टक्के विश्वासार्हतेचा, म्हणजे चारपैकी तीन वर्षे तरी मिळेल एवढ्याच पाण्याचा, निकष रूढ झाला.

स्वतःचा पाणलोट अपुरा पडला की शेजारच्या नाल्यावर बंधारा घालून पूरक कालव्याने पाणी तलावात आणले जाते. येथे हिशेब सर्वाधिक चुकतो. आपल्या नाल्यांचे बरेचसे पाणी पुराच्या मोजक्या तासांत वाहून जाते आणि कालवा त्याच्या वहनक्षमतेएवढेच घेऊ शकतो, त्यामुळे नाल्याचा संपूर्ण मासिक येवा तलावाच्या जमेस धरणे मला सर्वस्वी गैर वाटते. त्यासाठी रोजच्या, शक्य तर तासातासाच्या नोंदी हव्यात. शिवाय त्या नाल्यावर खालच्या गावाच्या बोड्या, विहिरी आणि गुरांचे पाणी अवलंबून असते. त्यांचा वाटा आधी वजा करून जे उरेल तेच वळवण्याजोगे पाणी होय.

इंग्रजी अमदानीत चंद्रपूर जिल्ह्यात बांधलेल्या आसोलामेंढा तलावाबाबत हा प्रश्न आज मोठ्या प्रमाणावर उभा आहे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या, वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचा उजवा कालवा या तलावाला जोडला गेल्याने त्याचे पाणी आता केवळ स्वतःच्या पाणलोटावर मोजता येत नाही. वैनगंगेचा येवा आणि तिच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरात अडणारे पाणी यांचाही हिशेब त्यात धरावा लागतो.