डाव हरला म्हणजे निर्णय चुकला, हे खरे नव्हे

हौशी पोकर खेळाडूंमध्ये एक समज फार जुना आहे: डाव हरला, तर ‘कॉल’ करणे (प्रतिस्पर्ध्याने लावली तेवढीच रक्कम घालून डावात राहणे) चूकच होते. तो साध्या हिशेबापुढे टिकत नाही.

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात (प्रत्येकाची स्वतःची दोन पाने, पटावर सर्वांसाठी सामाईक पाच) चौथे सामाईक पान उघडल्यावर आपले दोन व पटावरचे दोन असे चार बदाम जमले आहेत आणि पाचवा आल्यास डाव आपलाच, असे धरू. न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदाम उरतात, म्हणजे शक्यता सुमारे १९.६ टक्के. पॉटमध्ये, म्हणजे डावावर जमलेल्या रकमेत, ८०० चिप्स असताना प्रतिस्पर्ध्याने २०० लावल्या, तर १,००० मिळवण्यासाठी आपल्याला २०० घालाव्या लागतात, त्यासाठी १६.७ टक्के (एकूण १,२०० पैकी २००) शक्यता पुरते. म्हणून असा कॉल पाचांपैकी जवळपास चार वेळा हरूनही बरोबरच ठरतो. उलट, ४०० च्या पॉटवर ४०० लावल्या गेल्या, तर ३३.३ टक्के शक्यता लागते. तिथे नेमका बदाम येऊन डाव जिंकला, तरी केवळ या हिशेबावर केलेला कॉल चूकच होता, आणि माझ्या मते अशा जिंकलेल्या डावांची तपासणी अधिक निकडीची आहे, कारण ती सहसा कोणी करत नाही. तपासताना पॉट, लावलेली रक्कम आणि प्रतिस्पर्ध्याकडे संभवणारी पाने एवढेच मांडावे; शेवटचे पान झाकलेलेच ठेवावे.