पुस्तकात नाव दिसलं म्हणजे वाचन आलं?

‘मुलाचं नाव छापलेलं गोष्टीचं पुस्तक आणा, ते आपोआप वाचायला लागेल,’ हा सल्ला बालवाडीच्या पालकांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा नाही.

चार-पाच वर्षांचं मूल स्वतःचं नाव बहुधा चित्रासारखं ओळखतं. १९८४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ३ ते ५ वर्षांच्या मुलांना पेप्सीची ओळखीची खूण पहिलं अक्षर बदलून दाखवली. बहुतेक मुलांनी ती ‘पेप्सी’च वाचली, अक्षर बदललंय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. घरी करून बघा. ‘समीर’ऐवजी ‘समोर’ लिहा. मूल आनंदानं ‘समीर’ म्हणालं, तर ते अजून अक्षरं वाचत नाही, शब्दाचा आकार ओळखतंय. यात काळजीचं काहीच नाही, ही वाचनाआधीची नेहमीची पायरी आहे. पूर्ण गोष्ट घडाघडा म्हणणंही अनेकदा पाठांतरच असतं.

मग अशी पुस्तकं घेऊच नयेत का? जरूर घ्या! आपलं नाव दिसलं की मूल पुस्तकाला चिकटतं, आणि ही ओढ मोलाची आहे. पण पुढचं काम शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाचं. ‘समीर’मधला स आणि र सुटा करून दाखवा, त्यातून ‘रस’, ‘सर’ करा. ‘म’ला दुसरी वेलांटी दिली की ‘मी’, काना दिला की ‘मा’, हे बोट ठेवून, मोठ्यानं म्हणत दाखवा. देवनागरीत या स्वरचिन्हांची अनेक मुलांना अडचण येते, तिथे घाई करू नका.