चंबळ नदी : आंतरराज्य पाणीवाटप आणि सुसर-संरक्षण

चंबळ ही यमुनेची उपनदी. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश ही तीन राज्ये तिच्या काठी आहेत, आणि जगातल्या वन्य सुसरींपैकी (घडियाल) बहुतेक तिच्याच पाण्यात आहेत. महूजवळच्या जानापाव डोंगरात उगम पावून सुमारे ९६० किमी वाहत ती इटाव्याच्या पुढे यमुनेला मिळते. ग्वाल्हेरकरांची तिच्याशी ओळख आग्र्याला जाताना, मुरैना आणि धौलपूर यांच्यामधल्या राजघाट पुलावर होते. संस्थानी काळात शिंद्यांची हद्द इथे संपे आणि पलीकडे धौलपूर संस्थान सुरू होई.

पाणीवाटप : चंबळ खोरे प्रकल्प हा मध्य प्रदेश आणि राजस्थान यांचा संयुक्त प्रकल्प. गांधीसागर धरण आणि कोटा बंधारा १९६० मध्ये पुरे झाले, राणाप्रताप सागर व जवाहर सागर ही धरणे त्यानंतर झाली. पाणी आणि वीज दोन्ही राज्यांनी निम्मी-निम्मी घ्यायची असे ठरले. कोट्याचा उजवा कालवा पार्वती नदी ओलांडून श्योपूर, मुरैना आणि भिंडच्या शेतांपर्यंत येतो. तिथली मोहरी आणि गहू याच कालव्यावर पिकतात. आपल्या वाट्याचे पूर्ण पाणी पोहोचत नाही, ही मध्य प्रदेशची जुनी तक्रार आहे. वाटप झाले तेव्हा वन्यजीव संरक्षण कायदा (१९७२) झालेला नव्हता, त्यामुळे नदीत किती पाणी राहू द्यायचे हा प्रश्न त्या हिशेबात आलाच नाही.

घटनात्मक गुंता : राज्यघटनेत पाणी हा राज्यसूचीतला विषय आहे. वन्यप्राणी १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांच्या अखत्यारीत, आले. राज्यांमधले पाण्याचे तंटे १९५६ च्या कायद्याने लवादाकडे जातात, पण तिथे पक्षकार सरकारेच असतात. सुसरीला संरक्षण मिळाले, ती ज्या पाण्यात राहते त्याला मिळाले नाही. ही उणीव मोठी आहे. वन्यजीव कायद्याचे कलम २९ मात्र कामाचे आहे : अभयारण्यात येणारे किंवा तिथून बाहेर जाणारे पाणी परवान्याशिवाय वळवता, अडवता किंवा वाढवता येत नाही.

अभयारण्य आणि प्राणी : १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिन्ही राज्यांनी आपापला पट्टा संरक्षित केला आणि राष्ट्रीय चंबळ अभयारण्य उभे राहिले. नदी एक, वनखाती तीन. मुरैन्याजवळ देवरी येथे काठावरून आणलेली अंडी उबवतात आणि पिल्ले सुमारे सव्वा मीटरची झाली की नदीत सोडतात. आज चंबळेत दोन हजारांहून अधिक सुसरी आहेत.

सुसरीचे सारे वेळापत्रक पाण्याच्या पातळीवर चालते. मादी मार्च-एप्रिलमध्ये रात्री उंच वाळूच्या काठावर चढते, खड्डा खणते आणि तीस-चाळीस अंडी घालून तो बुजवते. मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या तोंडावर, पिल्ले बाहेर येतात. या मधल्या काळात वरून एकदम पाणी सोडले तर घरटे बुडते. पाणी फार उतरले तर खोल डोह तुटक होतात, आणि याच नदीतल्या डॉल्फिनला सुसरीपेक्षाही खोल पाणी लागते. पाणचिरा हा पक्षी नदीतल्या वाळूच्या बेटांवर उघड्यावरच अंडी घालतो. पाणी आटून बेट काठाला जोडले गेले की कुत्री, कोल्हे आणि गुरे थेट अंड्यांपर्यंत पोहोचतात. डोक्यावर तांबडे पट्टे असलेले बाटागुर कचुगा कासवही याच वाळूवर अवलंबून आहे. बंदी असूनही होणारा वाळू-उपसा तीच वाळू ट्रॅक्टरने उचलून नेतो.

२००७-०८ च्या हिवाळ्यात इटाव्याच्या बाजूला शंभराहून अधिक सुसरी मेल्या. शवविच्छेदनात मूत्रपिंडे निकामी होऊन गाउट (शरीरात युरिक आम्ल साचणे) झाल्याचे दिसले. यमुनेतून आलेल्या विषारी द्रव्यांवर संशय होता, पण कारण पक्के ठरले नाही. मुरैन्यात वाढवलेला प्राणी उत्तर प्रदेशात यमुनेच्या संगमाशी जाऊन मरू शकतो. म्हणून एकाच राज्याने नदी सांभाळून भागत नाही.

ग्वाल्हेरची तहान : शहराच्या लष्कर व मुरार या भागांना आणि जुन्या ग्वाल्हेरला पाणी मुख्यतः सांक नदीवरच्या तिघरा धरणातून मिळते. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीतले हे धरण विश्वेश्वरय्यांच्या स्वयंचलित दरवाजांसाठी प्रसिद्ध आहे. तसेच दरवाजे आधी पुण्याजवळ खडकवासल्याला बसले होते. पाऊस कमी झाला की शहरात एक दिवसाआड पाणी येते, त्यामुळे चंबळेचे पाणी ग्वाल्हेर-मुरैन्याला आणण्याची मागणी पुढे आली. मागणी रास्त आहे, कारण शहराला पाणी हवेच. पण उपसा कधी करायचा हे महत्त्वाचे. पावसाळ्यात चंबळ दुथडी वाहते तेव्हा पाणी उचलून साठवणे आणि मे महिन्यात डोहातून उपसणे, यांत सुसरीच्या जगण्या-मरण्याचा फरक आहे.

पुढील टप्पा : पार्वती-कालीसिंध-चंबळ जोडप्रकल्पासाठी २८ जानेवारी २०२४ रोजी केंद्र, मध्य प्रदेश आणि राजस्थान यांनी सामंजस्य करार केला. पूर्व राजस्थान आणि माळवा-चंबळ भागाला पाणी देणे हा त्याचा हेतू आहे. कोट्याखाली उन्हाळ्यात चंबळ रोडावते, तेव्हा तिला कालीसिंध आणि पार्वती याच नद्या आधार देतात, आणि प्रकल्प त्यांचेही पाणी वळवणार आहे. त्यामुळे मार्च ते जून कोटा बंधाऱ्याखाली आणि पार्वतीच्या संगमाखाली किमान किती प्रवाह ठेवायचा, हा आकडा सिंचनाच्या आकड्यांइतकाच बंधनकारक असला पाहिजे. तो ठरवताना करारात पक्षकार नसलेले उत्तर प्रदेशही टेबलावर हवे, कारण चंबळेचा शेवटचा पट्टा त्याच राज्यात आहे.